लेबल नसलेली

विश्रामबागेत टायरच्या दुकानावरची गच्ची.
आठ ग्लास, त्यातले तीन चहाचे.
नेल्सन सावर्डेकर मिरजेहून येतो, डिकीत बर्फ,
बर्फात गावोगावच्या बाटल्या,
आणि जिना चढता चढताच ओरडतो,
"हलवू नका रे, तळाला गाळ बसलाय, झोपू दे त्याला."

मी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये.
दिवसभर रसाचं ब्रिक्स काढायचं, रजिस्टरात मांडायचं.
इथे आकडा कुणी मागत नाही.
विचारतात, कशी लागली?
आणि मी अडते.

पहिली पुण्याची, गव्हाची. ढगाळ,
पिकल्या केळ्याचा वास, मागे कुठे लवंग.
"पाव्हण्याला द्यायला बरी," नेल्सन म्हणतो,
"हिच्यावरून भांडण होत नाही."
आमच्यात ही शिफारस नव्हे, शिक्षा.

दुसरी स्ट्रॉबेरीची.
इलाही बागवान पीत नाही. ग्लास नाकाशी धरतो फक्त.
तीन पिढ्यांचा फळांचा गाळा,
त्याचं नाक सौद्याला बसल्यासारखं बसतं.
"भिलारची. पण मार्चची, शेवटच्या तोडीची.
मऊ पडलेला माल उचललाय, स्वस्तात."
आम्ही पितो.
जॅमच्या बरणीचं बूड खरवडावं तशी लागते.

तिसरी परदेशी, बुचाला तार.
नेल्सनच्या भाच्यानं स्वेटरात गुंडाळून आणलेली,
चेरी घालून दोन वर्षं लाकडी पिंपात मुरवलेली.
जीभ आत ओढली गेली सगळ्यांची.
आणि मागून एक वास, जनावराचा,
पण नको म्हणावा असा नाही.
"तिकडं याला घोड्याच्या पाठीवरचं पांघरूण म्हणतात," नेल्सन.
धुळाप्पा कोळेकरनं ग्लास परत हुंगला.
"घोडा कुठला? हे आमच्या चुलत्याचं घोंगडं.
पावसात भिजलेलं, मग चुलीम्होरं वाळत घातलेलं.
मेंढरांत निजायचो आम्ही ह्यात, दोघं."
तो हसत नव्हता.
चुलत्याचं घोंगडं त्या पिंपात कसं गेलं,
हे कुणीच विचारलं नाही.

तेव्हापासून मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवते:
पाटीवरची ओली पेन्सिल.
बेदाण्याच्या शेडमधला गंधकाचा धूर.
गुळाच्या ढेपेखालचं फडकं.
हरिपूरला हळदीच्या पेवाचं तोंड उघडलं
की आधी कंदील सोडतात, माणूस नंतर;
तो कंदील विझवणारी हवा.
(ही चव धुळाप्पाच्या डाळिंबवालीला.
त्याची पहिली खेप फुटली होती, न्हाणीत.
लाल शिंतोडे अजून भिंतीवर आहेत,
बायको सांगते, कुणीतरी पान थुंकलंय.)

शेवटी नेल्सननं ती काढली.
पुराच्या साली त्याच्या खालच्या खोलीत
नऊ दिवस पाणी होतं.
क्रेट चिखलातून उकरला, लेबलं धुऊन गेलेली.
वर्षाला एक फोडत आलो. ही उरलेली.
कुणाची? धुळाप्पा म्हणाला, माझी नव्हं.
नेल्सन म्हणाला, मी इतकी चांगली कधी करीन?
मी काहीच म्हणाले नाही,
करवंदं मीही दिली होती त्या वर्षी, पाटीभर.

इलाहीनं डोळे मिटले. जांभूळ, म्हणाला. मग नाही म्हणाला.
ग्लास खाली ठेवला.
"माल कळंना मला. ताई, तुम्ही सांगा. कशी हाय?"

एक घोट. दुसरा.
मागचं पान आठवून पाहिलं, त्यातलं काही नव्हतं.
खाली दुकानवाल्यानं शटर ओढलं.
"सांगा की."
मी ग्लास तिरका केला,
तळाशी बोटभर गाळ होता,
तोही प्याले.

सोमवारी कारखान्यात शिफ्ट केमिस्ट जवळ आला,
आवाज बारीक करून,
"मॅडम, तुम्हाला म्हणे त्यातलं कळतं.
मेव्हणा यायचाय. कुठली आणू?"

पुण्याची आण, म्हटलं. गव्हाची.
भांडण होत नाही हिच्यावरून.